बैठं घर

मराठी भाषेनं पायरीला फार मान दिला आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणी पाठ करतो आणि मोठेपणी सख्ख्या भावावर धुऱ्याचा दावा लावून ती चढतो. कुणी मर्यादा सोडली की त्याला पायरीनं राहायला सांगतो. पंढरीला गेलो की नामदेवाच्या पायरीशी वाकतो. उन्हाळ्यात हापूसचा भाव ऐकला की निमूटपणे पायरीकडे वळतो. इतक्या पायऱ्या जन्मभर पायात घोटाळत असूनही, राहत्या घरात त्या किती असाव्यात याबद्दल मात्र पूर्वजांनी एकसुद्धा म्हण करून ठेवलेली नाही. ‘लग्न पहावं करून आणि घर पहावं बांधून’ एवढं सांगून ते मोकळे झाले. घर आयतं विकत घ्यायचं असेल तर काय पहावं, हे सांगायचं राहूनच गेलं. ते काम आमच्या कुटुंबावर येऊन पडलं.

आमचं गाव मूर्तिजापूर. मुंबई-नागपूर गाडीनं कधी गेला असाल तर अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये तुम्ही ते पाहिलं असेल, किंवा त्या वेळी झोपला असाल. इथं दोन रेल्वे भेटत. एक मोठी, हावड्याकडे जाणारी. दुसरी अडीच फुटांच्या रुळांवरून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी आमची शकुंतला. शकुंतला १९९४ सालापर्यंत वाफेवर धावली, मग डिझेलवर धावली आणि आता धावत नाही. पण दोन मापांचे रूळ असलेल्या या गावाची जमीन मात्र एकाच मापाची, सपाट. चढ म्हणजे काय ते आम्हाला स्टेशनवरचा पादचारी पूल शिकवतो. कापसाच्या दिवसांत जिनिंगमध्ये गंज्या लागतात, तेव्हा गावाला आणखी दोनचार शिखरं मिळतात, पण ती उन्हाळ्यापर्यंत गाठी बांधून निघून जातात. मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘पठार’ आणि ‘पर्वत’ यांतला फरक पोरांना समजावताना मला दर वर्षी फळ्यावरच डोंगर काढावा लागे, कारण खिडकीतून दाखवायला एकही नव्हता.

घर शोधायची वेळ आली ती निवृत्तीनंतर. एकतीस वर्षं आम्ही एकाच भाड्याच्या घरात काढली. मालक भला माणूस. त्यानं आम्हाला कधी ‘निघा’ म्हटलं नाही. फक्त त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि तो येता-जाता आमच्या खोल्यांकडे मायेनं पाहू लागला. आम्ही समजलो.

घरातली माणसं तीन. मी, ही आणि आई. आईचं वय ८४, गुडघे दोन, आणि दोन्ही केवळ शोभेचे. मुलगा पुण्याला असतो. दिवाळीत तो, सूनबाई आणि दोन नातवंडं आली की माणसं सात होतात आणि आवाज सत्तर माणसांचा होतो. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम हातात आली होती, ती आयुष्यात एकदाच येते, म्हणजे घरही एकदाच घेता येणार होतं. कपडे परत करता येतात, भाजी बदलून मिळते, जावईसुद्धा काही वेळा दुरुस्त होतो. घराचं तसं नाही.

आमचा एजंट माझाच जुना विद्यार्थी निघाला. भूमितीत तीनदा बसलेला हा मुलगा आता ‘कार्पेट’, ‘बिल्टअप’ आणि ‘सुपर बिल्टअप’ यांची आकडेमोड तोंडी करत होता. “सर, तुम्ही फक्त स्टाइल सांगा,” तो म्हणाला. मी म्हटलं, “आम्हाला स्टाइल नको, घर पाहिजे.” त्यावर तो असा हसला, की मला त्याचे भूमितीचे पेपर आठवले.

पहिलं घर त्यानं जुन्या वस्तीतलं दाखवलं. दारातून आत शिरलं की आंगण, मग सपरी, मग माजघर, त्यामागे अंधारी स्वयंपाकघर आणि शेवटी सांदवाडी. पांढऱ्या मातीच्या दीड-दीड हात जाड भिंती, अर्ध्या भागावर कवेलू, अर्ध्यावर धाबं. एप्रिलची दुपार होती. बाहेर डांबर पातळ झालं होतं आणि आत माजघरात आईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. “इथं कूलर लागत नाही बाप्पा,” ती म्हणाली. सोबत आम्ही एका ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला नेलं होतं. त्यानं भिंतीवर उलट्या हातानं दोन टकटक केल्या आणि म्हणाला, “घर पक्कं हाय मास्तर. पांढरीवर हाय.”

पांढरी हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. आपल्याकडे खेड्यात जमिनीची वाटणी दोनच शब्दांत होत असे. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीत पेरायचं आणि पांढरीवर राहायचं. हा शब्द त्या वेळी मी नुसता कौतुकानं ऐकला. त्याचा पुढे उपयोग व्हायचा होता.

घर सगळ्यांनाच आवडलं. अडचण एकच होती. घराला खोल्या सात होत्या आणि वारस अकरा. त्यांतले तिघं एकमेकांशी बोलत नव्हते, दोघं कुणाशीच बोलत नव्हते, आणि एक सुरतेला आहे असं सगळे म्हणत होते, पण सुरतेत नेमका कुठे हे सांगणारे जे दोघं होते, ते बोलत नव्हते. त्या घरात थंडावा होता, पण सातबारा, फेरफार आणि वारसपत्र यांतून वाट काढेपर्यंत आमचेच वारस उभे राहिले असते.

दुसरं घर डुप्लेक्स होतं. गावाबाहेर नवीन ले-आऊट पडलं आहे, तिथं. विदर्भातल्या माणसाला डुप्लेक्सचं वेड का आहे, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम, मध्ये चकचकीत दांड्याचा जिना. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलाचं डुप्लेक्स आहे’ असं म्हटलं की मुलाचा रंग दोन छटांनी उजळतो. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि साठवलेली सगळी धग रात्री खालच्या माणसाच्या अंगावर सोडतो. हिनं शेजारच्या डुप्लेक्समधल्या बाईंना सहज विचारलं, “उन्हाळ्यात वर झोपता का हो?” त्या म्हणाल्या, “वर? वर तर आम्ही गाद्या ठेवतो. आम्ही सगळे खालीच, कूलरपुढे.” म्हणजे पैसे दोन मजल्यांचे आणि मुक्काम एका मजल्यावर. हिनं वहीत डुप्लेक्सपुढे ‘गाद्यांसाठी बरं’ असं लिहिलं.

मग एजंटानं ठेवणीतला माल काढला. “सर, आता जे दाखवतो ते अकोल्यातही सहसा पाहायला मिळत नाही. स्प्लिट लेव्हल!” त्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. हिरव्या उतारावर एक देखणं घर, मागे सुरूसारखी झाडं, पुढे गुळगुळीत रस्ता, आणि आकाशाचा रंग मूर्तिजापूरला कधी न दिसलेला. मी विचारलं, “हे कुठलं?” तो म्हणाला, “हे इथंच होणार आहे सर, गोदामाच्या मागे.” एक नमुन्याचं घर बांधून तयार होतं. तिथं आम्ही गेलो. सुरूची झाडं नव्हती. दोन बाभळी होत्या.

घराची रचना अशी. रस्त्यापासून पाच पायऱ्या चढलं की हॉल. हॉलमधून नऊ पायऱ्या चढलं की स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या पोटाखाली मोटार ठेवायची जागा, रस्त्यापेक्षा वीतभर खाली. स्वयंपाकघरातून आणखी नऊ चढलं की हॉलच्या डोक्यावर एक बेडरूम. तिथून आणखी नऊ चढलं की स्वयंपाकघराच्या डोक्यावर दुसरी. आणखी नऊ चढलं की गच्ची. म्हणजे अख्खं घर जिन्याच्या दोन्ही बाजूंना शिडीवरच्या कोंबड्यांसारखं बसलेलं.

“याचा फायदा काय?” मी विचारलं.

“व्ह्यू, सर! हॉलमधून किचन दिसते, किचनमधून हॉल दिसते. पण हॉल किचनमध्ये नाही अन् किचन हॉलमध्ये नाही.”

“मग आहे कुठे?”

“अर्ध्यात, सर.”

मी मास्तर माणूस. मोजल्याशिवाय बोलत नाही. डुप्लेक्समध्ये पाच पायऱ्या बाहेरच्या, अठरा वरच्या मजल्याला आणि अठरा गच्चीला, अशा एकूण ४१ होत्या. इथं पाच आणि नऊ चोक छत्तीस, म्हणजे पुन्हा ४१च. एजंट खूश झाला. “पाहा सर, पायऱ्या तेवढ्याच!” पण हिनं हिशेब पुढे चालवला. डुप्लेक्समध्ये माणूस वर जायचं ठरवून एकदा चढतो. इथं चहाच्या प्रत्येक कपाला चढावं लागतं. आमच्याकडे स्वयंपाकघरातून हॉलमध्ये दिवसाला वीस खेपा सहज होतात. पाहुणा आला, पोस्टमन आला, माझा चष्मा राहिला, आईची गोळी राहिली. वीस खेपांच्या १८० पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. एक पायरी साडेसहा इंच. मी तिथंच मोबाइलवर गुणाकार केला. दिवसाला साडेसत्त्याण्णव फूट चढण झाली. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. ५६व्या दिवशी ही कळसूबाईच्या माथ्यावर पोचणार होती, तेही हातात चहाचा ट्रे घेऊन.

“व्यायाम होते काकू,” एजंट म्हणाला. हिनं त्याच्याकडे पाहिलं. तो दोन पायऱ्या उतरला.

माझा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. तिथं अशा घरांची रेलचेल आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून त्या रात्री त्याला फोन लावला. भाच्यानं तासभर शिकवणी घेतली. तिकडे घरांच्या जाती असतात म्हणे. दोन सरळ मजल्यांचं ते कॉलोनियल. बैठं आणि आडवं पसरलेलं ते रँच. छपराच्या पोटात खोल्या काढल्या की केप कॉड. आणि मग स्प्लिट लेव्हल, नि त्याचा धाकटा भाऊ बाय-लेव्हल. या बाय-लेव्हलचं दार उघडलं की आपण घरात शिरतच नाही, जिन्याच्या मधल्या फळीवर उभे राहतो. अर्धा जिना वर, अर्धा खाली. “मामा, पहिल्यांदा गेलो तेव्हा चपला कुठं काढायच्या तेच कळेना,” भाचा म्हणाला. “वर काढाव्या तर वरची मंडळी पाहतात, खाली काढाव्या तर खालची.”

“पण अशी बांधतातच कशाला?” मी विचारलं.

त्याचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे शहराबाहेर घरांचं पीक आलं. प्लॉट लहान, त्यात मोटार ठेवायला जागा हवी, आणि जमीन पुष्कळ ठिकाणी उताराची. उतार कापून सपाट करण्यापेक्षा घरच दोन पातळ्यांवर बसवलं की काम सोपं. दुसरं कारण थंडीचं. हिवाळ्यात तिथली ओली माती गोठते आणि गोठली की फुगून वर येते. घराचा पाया तिच्यावर ठेवला तर घरही उचललं जातं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली, तीन-तीन फूट खोल न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे तर तिथं अर्धी खोली काढली, असा तो हिशेब. म्हणजे स्प्लिट लेव्हल हे तिकडच्या जमिनीनं आणि तिकडच्या थंडीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर चांगलं आहे. फक्त आमच्या एजंटानं ते दुसऱ्याच पेपराला लिहिलं होतं. ही त्याची शाळेपासूनची सवय.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला घेऊन पुन्हा त्या नमुन्याच्या घरापाशी गेलो. त्यानं घराकडे पाहिलंच नाही. तो खाली बसला, बाजूच्या मोकळ्या प्लॉटातल्या भेगेत त्यानं हातातली काडी घातली, आणि ती कोपरापर्यंत आत गेली.

“हे काई हाय मास्तर,” तो म्हणाला. “कपाशीची जमीन. पावसायात फुगते अन् उनायात फाटते. हे कोनाचं आयकत नाई. अन् या घराचा एक पाय वर हाय, एक पाय खाली. खालचा पाय वल्ल्यात रायते, वरचा पाय कोरड्यात. मंग कंबर मोडन का नाई?”

माझं चौतीस वर्षांचं भूगोलाचं ज्ञान त्या काडीपुढे हात जोडून उभं राहिलं. रेगूर मृदा, ओलावा धरून ठेवते, कापसास उत्तम, हे मी हजारो पोरांकडून घोकून घेतलं होतं. अमेरिकेची माती गोठून फुगते, आमची भिजून फुगते, एवढाच फरक. पण तिकडे खाली गेलं की फुगण्यापासून सुटका होते. इथं वीतभर खाली गेलात की फुगणारी माती तुम्हाला खालून तर ढकलतेच, बाजूच्या भिंतीलाही ढोसते. या मातीवर घर बांधायची विद्या आहे, नाही असं नाही. रूर्कीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं त्यासाठी खास खांब काढले आहेत. जमिनीत भोक पाडून ते साडेतीन मीटरच्या आसपास किंवा आणखी खाली न्यायचं, तळाशी कांद्यासारखं फुगीर करायचं आणि मग काँक्रीट भरायचं. वरची माती कितीही नाचली तरी तेवढ्या खोलावर ती शांत असते, आणि तो कांदा घराला धरून ठेवतो. मी एजंटाला विचारलं, “खाली कांदे आहेत का?” तो म्हणाला, “सर, किचनमध्ये स्टोअर आहे ना.”

बाकीच्या गोष्टी मग एकामागून एक दिसू लागल्या. मोटारीची जागा रस्त्यापेक्षा वीतभर खाली, आणि आमच्याकडचा रस्ता दर डांबरीकरणाला दोन बोटं वर येतो. पाचसात वर्षांत पावसाचं पाणी तिथं स्वतःच्या घरासारखं येऊन राहिलं असतं. दुसरं पाणी बोअरचं. मूर्तिजापूर तालुक्यातली कितीतरी गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहेत. जमिनीतलं पाणी असं, की त्यानं डाळ शिजत नाही आणि भिंत शिजते. त्याच पाण्यात सिमेंट कालवलं तर आतल्या सळया गंजतात, प्लास्टरवर पांढरी लोणी धरते. घर जितकं जमिनीत शिरेल तितका हा खारेपणा वर चढणार. तिसरी गोष्ट कूलर. गार हवा जड असते, ती खाली बसते, गरम हवा वर जाते. अशा एकात एक उघडणाऱ्या घरात कूलर हॉलमध्ये लावला तर गारवा हॉलमध्येच राहणार, आणि घरातली झाडून सगळी उष्णता अर्धा-अर्धा मजला चढत शेवटच्या बेडरूममध्ये जमणार. जिथं पुण्याची मंडळी झोपणार होती.

तरीही खरं सांगायचं तर ते घर दिसायला फार सुंदर होतं. हिच्याही मनात कुठेतरी ते बसलं होतं. हॉलमध्ये उभं राहून वर पाहिलं की स्वयंपाकघराची खिडकी, तिथून खाली पडणारा उजेड. भाड्याच्या घरात एकतीस वर्षं पाठमोरं राहून स्वयंपाक केलेल्या बाईला कुणीतरी समोरून दिसावं असं वाटलं, तर त्यात नवल नाही. म्हणून तिसऱ्या खेपेला आम्ही आईलाही घेऊन गेलो.

आई पाच पायऱ्या चढून हॉलमध्ये आली आणि खुर्चीवर बसली. आम्ही सगळे वर गेलो. ओटा पाहिला, नळ पाहिला, खिडकी उघडली. वरून मी आईला हाक मारली. तिनं मान वर करून हात केला. आम्ही वर बोलत होतो, ती खालून ऐकत होती. थोड्या वेळानं एजंट उत्साहानं खाली उतरून तिला म्हणाला, “आजी, तुमची चिंताच नाही. तुम्हाला चढायचं कामच पडू देत नाही. खाली पार्किंग आहे ना, तिथं तुमच्यासाठी मस्त रूम काढून देतो. बाथरूमसकट.”

आई म्हणाली, “म्हणजे मला पार्क करता का रे बाबू?”

मग आम्ही खाली आल्यावर तिनं शांतपणे सांगितलं. “घर छान आहे. पण अर्धा मजला वाईट. माणूस पुरता वरच्या मजल्यावर गेला की आपण समजतो, गेला, येईल तेव्हा येईल. इथं तो दिसत राहतो, बोलणं ऐकू येत राहतं, हसला तर का हसला तेही कळतं, अन् त्याच्यात जाऊन बसता मात्र येत नाही. मला दूर ठेवलं तरी चालेल. असं जवळ नको ठेवू.”

यावर एजंटही काही बोलला नाही. हिनं वही मिटली.

परतताना ऑटोत आई गाडगेबाबांबद्दल बोलत होती. बाबांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या दापुरीला, मामाकडे गेलं. १९५६ साली देह ठेवेपर्यंत त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी साधी झोपडीही बांधली नाही. “त्यांना बरं होतं,” मी म्हटलं, “एजंटाचा फोन येत नव्हता.” आई म्हणाली, “त्यांना आधी माणसं दिसायची, मग घर.” ऑटोवाल्यानं मान डोलवली. आमच्याकडे ऑटोवाले कुटुंबाच्या चर्चेत मत देतात.

घर शेवटी मिस्त्रीनंच सुचवलं. स्टेशनापासून थोडं आत, जुन्या ले-आऊटमधलं, एका निवृत्त माणसानं बांधलेलं बैठं घर. एका पातळीवर हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि न्हाणी. रस्त्यापासून चार पायऱ्या, आणि बाजूनं उतरता रपटा, कारण मूळ मालकाच्या आईलाही गुडघे होते. गच्चीचा जिना बाहेरून. “पाया माह्याच हातचा हाय,” मिस्त्री म्हणाला. काळी माती काढून टाकून कॉलमचे खड्डे थेट मुरमापर्यंत नेलेले, वर मुरूम भरून ठोकलेला, आणि घराभोवती चार फुटांचा फरशीचा पट्टा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. पाया भिजला नाही की फुगत नाही, फुगला नाही की फाटत नाही. ही विद्या कोणत्याच ब्रोशरमध्ये नव्हती.

दिसायला घर अगदी सामान्य आहे. लग्नाच्या बोलण्यात त्याचा काही उपयोग नाही. एजंट कमिशन घ्यायला आला तेव्हा हळहळून म्हणाला, “सर, एलेव्हेशनच नाही हो.” मी म्हटलं, “आमच्या अख्ख्या गावालाच नाही.”

गच्चीला आम्ही दर मार्चमध्ये चुना मारतो, म्हणजे स्लॅब थोडा कमी तापतो. ही गच्चीवर कुरडया, मुंगवड्या घालते आणि आई खालून, अंगणातल्या खुर्चीतून, कावळ्यांवर नजर ठेवते. स्वयंपाकघराचं दार हॉलमध्ये उघडतं. हिला समोरचं सगळं दिसतं, फक्त त्यासाठी कळसूबाई चढावी लागत नाही. आई भिंतीचा आधार घेत दिवसातून वीस वेळा इकडून तिकडे जाते. कुणी हसलं की काठी टेकत येते आणि विचारते, “काय झालं?” सांगितलेला विनोद पुन्हा सांगावा लागतो. दुसऱ्यांदा तो तितकासा जमत नाही, पण आई पहिल्यांदाच ऐकते म्हणून हसते, आणि मग आम्हीही हसतो. मराठीत अशा घराला ‘बैठं’ म्हणतात, ते उगाच नाही. घर बसलेलं असलं की माणसंही एकत्र बसतात. दिवाळीत सातही जण हॉलमध्ये ओळीनं गाद्या टाकून झोपतो. पुण्याच्या नातवंडांना रात्री दोनदा पाणी लागतं आणि पाच माणसं तुडवून ती ते मिळवतात.

मिस्त्रीच्या पायालाही एक भेग पडलीच. हॉलच्या पूर्वेच्या भिंतीला, केसाएवढी. मे महिन्यात ती जरा रुंदावते आणि पाऊस लागला की मिटते. मी घाबरून मिस्त्रीला बोलावलं. तो चहा पिऊन म्हणाला, “कायले घाबरता? काई जमीन हाय, श्वास घेऊन रायली.” तेव्हापासून आई रोज त्या भेगेवर बोट फिरवून पाहते. परवा तिनं जाहीर केलं, “मिटत आली. पेरण्या झाल्या असतील.” वर्तमानपत्रात ती बातमी दोन दिवसांनी आली.

भाच्याचा फोन अधूनमधून येतो. त्याच्या शेजारचं वयस्कर जोडपं आपलं स्प्लिट लेव्हल विकायला निघालं आहे. गुडघे दुखतात, आता रँच शोधताहेत म्हणे. रँच म्हणजे मुळात गुरांचं रान, हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग त्यांना म्हणावं इकडे या.” मीही भाच्याला तेच कळवलं आहे. जुन्या वस्तीतलं ते पांढरीवरचं घर अजून रिकामं आहे. सात खोल्या, कूलर लागत नाही. वारस फक्त अकरा.